पंगत उठल्यानंतरचे तास

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात भात हे जसे रोजचे अन्न आहे तसेच ते समारंभाचेही अन्न आहे, आणि लग्नाची पंगत, तेरवीचे जेवण, सप्ताहाच्या समाप्तीचा काला, विहारातील भोजनदान किंवा दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या पाहुण्यांचा पाहुणचार यांपैकी कोणताही प्रसंग घेतला तरी त्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात: शेकडो माणसांचे अन्न एकाच चुलवणावर मोठमोठ्या गंजांमधून शिजते, आणि ते चुलीवरून उतरल्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत बरेच तास जातात. समूहभोजनानंतर एकाच वेळी अनेकांना उलट्या आणि हगवण सुरू झाल्याच्या ज्या बातम्या दरवर्षी महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतात, त्यांतील मोठ्या भागाचे मूळ याच तासांमध्ये असते. एकाच ठिकाणचे एकच अन्न खाल्लेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना सारखाच आजार झाला की साथरोगशास्त्र त्या घटनेला अन्नजन्य उद्रेक म्हणते. अशा उद्रेकांना विषाणू, परजीवी किंवा कीटकनाशकही कारणीभूत ठरू शकते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र जे जिवाणू स्वतः विष तयार करतात आणि त्या विषाच्या जोरावर माणसाला आजारी पाडतात त्यांच्यापुरता मर्यादित आहे.

जिवाणूजन्य विषाचे दोन प्रकार ध्यानात घेतल्याशिवाय या आजारांचे वर्तन समजत नाही. पहिल्या प्रकारात जिवाणू अन्नात वाढतात आणि तेथेच विष सोडतात, त्यामुळे माणूस अन्नाबरोबर तयार विषच गिळतो आणि अवघ्या काही तासांत त्याला उलट्या सुरू होतात. दुसऱ्या प्रकारात अन्नाबरोबर जिवंत जिवाणू मोठ्या संख्येने पोटात जातात आणि विष आतड्यात गेल्यावर तयार होते. या प्रकाराला वेळ अधिक लागतो आणि त्यात उलटीपेक्षा पोटातील कळा व पातळ जुलाब यांचा जोर असतो. हा भेद केवळ पुस्तकी नाही, कारण अन्न पुन्हा गरम केल्याने सुरक्षित होते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून असते.

भाताच्या प्रदेशात सर्वांत आधी ज्याचे नाव घ्यावे लागते तो जिवाणू म्हणजे बॅसिलस सेरेयस. हा मुळात मातीतला रहिवासी असून धानाबरोबर तो बांधीतून खळ्यावर, खळ्यावरून गिरणीत आणि गिरणीतून तांदळाच्या पोत्यात सहज पोहोचतो, त्यामुळे कच्च्या तांदळात तो सापडणे ही गलथानपणाची नव्हे तर अगदी नेहमीची बाब आहे. प्रतिकूल परिस्थितीत हा जिवाणू जाड कवचाच्या सुप्त अवस्थेत जातो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात, आणि पाण्याच्या उकळीलाही पुष्कळसे बीजाणू दाद देत नाहीत. भात शिजताना इतर बहुतेक जिवाणू मरतात, बीजाणू तेवढे तगतात, आणि उष्णतेच्या या धक्क्याने ते उलट जागे होण्यास तयार होतात. भात कोमट झाला की त्यांना ओलावा, पिष्टमय अन्न आणि प्रतिस्पर्धी नसलेले मोकळे रान, असे सर्व काही आयते मिळते. पेज काढून कापडावर रास घातलेला आणि वाफ जाऊ नये म्हणून वरून झाकलेला भात वरच्या थरात निवतो, पण राशीच्या पोटात कित्येक तास कोमटच राहतो, कारण घट्ट अन्नाच्या थराची जाडी दुप्पट झाली की आतला भाग थंड होण्यास लागणारा वेळ साधारण चौपट होतो. जिवाणूच्या वाढीसाठी याहून सोयीची रचना मुद्दाम करू म्हटले तरी जमणार नाही.

या जिवाणूचे उलटी घडवणारे विष सेरेयुलाइड या नावाने ओळखले जाते. त्याची ओळख पटण्यामागचा इतिहास भातखाऊ माणसाला बोलका वाटावा असा आहे. 1970च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांत तळलेला भात खाल्लेल्या लोकांना एक ते पाच तासांत जोराच्या उलट्या होत असल्याचे ध्यानात आले, आणि चौकशीत असे दिसले की तेथे भात मोठ्या प्रमाणावर उकडून रात्रभर स्वयंपाकघरातच ठेवला जात असे, कारण फ्रीजमध्ये ठेवल्यास त्याचे गोळे होतात व तळताना शिते मोकळी राहत नाहीत. गिऱ्हाईक आले की तो भात कढईत क्षणभर परतून दिला जाई. सेरेयुलाइड हे 121 अंश सेल्सिअसच्या उष्णतेतही दीड तास टिकून राहू शकते, त्यामुळे त्या परतण्याने त्याचे काहीही बिघडत नव्हते. रात्री उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देणे ही महाराष्ट्रातील घरोघरची रीत आहे, आणि घरगुती प्रमाणात, थोडा भात लवकर निवत असल्याने, ती बहुधा निभावून जाते. परंतु मे महिन्यातील रात्री, लग्नघरी उरलेल्या घमेलेभर भाताला दिलेली फोडणी ही तेवढी निरुपद्रवी म्हणता येत नाही. त्याच्या उलट भात ताकात किंवा आंबवलेल्या पाण्यात भिजवून खाण्याच्या जुन्या पद्धतीत आंबटपणा या जिवाणूची वाढ रोखण्यास हातभार लावतो, अर्थात भिजवण्यापूर्वीच विष तयार झालेले असेल तर आंबटपणाचाही उपयोग नाही.

याच जिवाणूचा दुसरा अवतार आतड्यात विष सोडून जुलाब घडवतो, आणि तो सिद्ध करण्यासाठी एका संशोधकाने स्वतःचेच पोट वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्लो येथे व्हॅनिला सॉस खाल्लेल्या शेकडो व्यक्तींना जुलाब झाल्यावर स्टाइनार हाउगे या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने बॅसिलस सेरेयस वाढवलेला सॉस स्वतः प्यायला, आणि सुमारे 13 तासांनी त्याला ठरल्याप्रमाणे कळा व जुलाब सुरू झाले. त्याच्याही आधी, 1914 साली, फिलिपीन्समध्ये काम करणाऱ्या बार्बर यांनी स्तनदाह झालेल्या गाईचे खोलीच्या तापमानात ठेवलेले दूध पिऊन असाच प्रयोग केला होता, आणि त्यातून ज्याचा गुन्हा उघड झाला तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू होय. अन्नविषबाधेच्या शास्त्राची पायाभरणी अशा काहीशा आडदांड धैर्यावर झाली आहे, याचे आजच्या नीतिसमित्यांना नक्कीच आश्चर्य वाटेल.

स्टॅफिलोकॉकसचे घर मातीत नसून माणसाच्या अंगावर आहे. निरोगी माणसांपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या नाकात तो कोणताही त्रास न देता राहतो. फोड, नखुरडे, कापल्याची जखम यांत तर तो भरपूर असतो, आणि तेथून आचाऱ्याच्या किंवा वाढप्याच्या हाताने तो अन्नात उतरतो. म्हणूनच शिजवल्यानंतर हाताळले जाणारे पदार्थ, म्हणजे वळलेले लाडू, खव्याची मिठाई, बासुंदी, उकडून सोललेले बटाटे, ही त्याची आवडती ठिकाणे ठरतात. मध्य प्रदेशात भल्ला हा बटाट्याचा तळलेला पदार्थ खाऊन शंभराहून अधिक मुले आणि मोठी माणसे आजारी पडल्याच्या घटनेत हाच जिवाणू सापडला होता, आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत तळणीची उष्णता सोसणारे विष हा मुद्दा ठळकपणे पुढे आला. या विषाचा मायक्रोग्रॅमहून कमी अंशही माणसाला आडवा करण्यास पुरतो. अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांपर्यंत केव्हाही ओकाऱ्या सुरू होतात, ताप बहुधा नसतो, आणि बहुतेकांना एका दिवसात आराम पडतो.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या तिसऱ्या जिवाणूकडे मात्र अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण मोठ्या पंगतीचा खरा जिवाणू हाच आहे. तोही बीजाणू धारण करतो, माती आणि जनावरांची आतडी यांत राहतो, आणि त्याला प्राणवायू नको असतो. मटणाचा रस्सा, दाट वरण किंवा चण्याची उसळ मोठ्या गंजात रटरटत असताना त्यातील विरघळलेला प्राणवायू निघून जातो, उकळीतून वाचलेले बीजाणू जागे होण्यास सज्ज होतात, आणि चूल विझल्यावर पदार्थ हळूहळू निवू लागला की साधारण पन्नास अंशांच्या खाली त्यांची वाढ सुरू होते. या वाढीचा वेग विलक्षण आहे. 43 ते 45 अंशांच्या आसपास, सर्व काही अनुकूल असेल तर, या जिवाणूची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे एका तासात एकाचे 64 आणि तीन तासांत एकाचे दोन लाख बासष्ट हजार. पूर्व विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवेचेच तापमान पंचेचाळीसच्या घरात जाते, हे येथे आठवणीत ठेवावे. इतर ठिकाणी आचारी ज्याला 'निवणे' म्हणतो ती क्रिया भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात मांडवाखाली पूर्ण होतच नाही. पदार्थ निवत निवत येतो आणि जिवाणूला सर्वांत प्रिय असलेल्या तापमानावर येऊन थांबतो. अन्नाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये दहा लाखांच्या आसपास जिवाणू झाले आणि असे अन्न पोटात गेले की हे जिवाणू आतड्यात पुन्हा बीजाणू बनवू लागतात, आणि त्या क्रियेत विष बाहेर पडते. परिणाम दिसण्यास आठ ते सोळा तास लागतात. रात्रीचे जेवण करून घरी परतलेली माणसे पहाटे कळांनी जागी होतात आणि दुपारपर्यंत गावातील अर्धी घरे त्याच तक्रारीने हैराण असतात, हे चित्र या जिवाणूच्या वागण्याशी नेमके जुळणारे आहे.

हगवण घडवणारे आणखी दोन विषकारी जिवाणू, म्हणजे ई. कोलायची विषनिर्मिती करणारी जात आणि पटकीचा जिवाणू व्हिब्रिओ कॉलरी, हे अन्नापेक्षा पाण्याचे पाहुणे आहेत. ते मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून मठ्ठ्यात, कोशिंबिरीत, बर्फात किंवा धुतलेल्या ताटांवर येतात, आणि आजार उमटण्यास त्यांना बहुधा एक ते तीन दिवस लागतात, जरी पटकी काही वेळा काही तासांतही गाठू शकते. पटकीचा सारा अनर्थ तिच्या विषामुळे होतो, हे शंभुनाथ डे या कोलकात्याच्या शास्त्रज्ञाने सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून 1959 साली दाखवून दिले.

आजार उमटण्यास लागणारा वेळ असा जिवाणूगणिक बदलतो, म्हणून उद्रेकाचा तपास करणारा वैद्यकीय अधिकारी सर्वप्रथम विचारतो ते 'काय खाल्ले' एवढेच नसून 'केव्हा खाल्ले आणि पहिली उलटी किंवा पहिला जुलाब केव्हा झाला' हे असते. प्रत्येक रुग्णाचे हे अंतर मांडले की जो आलेख उभा राहतो त्यावरून प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच संशयितांची यादी पुष्कळ आखूड होते. त्याच्या जोडीला प्रत्येक पदार्थ खाल्लेल्यांपैकी किती आजारी पडले आणि न खाल्लेल्यांपैकी किती, अशी तुलना केली जाते, आणि ज्या पदार्थात हा फरक सर्वांत मोठा निघतो त्याच्यावर बोट ठेवले जाते. गावकऱ्यांचा कयास नेहमी शेवटी खाल्लेल्या किंवा वासाला आंबट लागलेल्या पदार्थावर असतो. तुलनेचे कोष्टक पुष्कळदा तो कयास खोटा ठरवते, कारण यांतील बहुतेक जिवाणू आणि त्यांची विषे अन्नाचा रंग, वास किंवा चव यांत काहीही बदल करीत नाहीत.

महाराष्ट्रात अलीकडे घडलेल्या दोन मोठ्या घटना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. 6 फेब्रुवारी 2024 रोजी, एकादशीच्या दिवशी, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमात जेवलेल्या आसपासच्या गावांतील सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला. जेवण संध्याकाळचे होते आणि रुग्णांची रीघ लागली ती उत्तररात्रीपासून. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 फेब्रुवारीला, पुन्हा एकादशीलाच, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहातील प्रसाद घेतलेले शेकडो लोक आजारी पडले, आणि बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्याने रस्त्याकडेला दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. एकादशीचा हा योग निव्वळ दैवाचा नाही. उपवासाची भगर वर्षातील थोड्याच दिवशी, पण त्या दिवशी प्रचंड प्रमाणात शिजते. शिवाय दमट जागी साठवलेल्या भगरीवर ॲस्परजिलस बुरशी येऊन तिचे विष तयार होऊ शकते आणि अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी तशी सूचनाही काढत असते. म्हणजे एकाच ताटात बुरशीचे विष आणि जिवाणूचे विष अशा दोन्ही शक्यता असू शकतात, आणि नुसती लक्षणे पाहून त्यांची वाटणी करता येत नाही.

शाळांतील पोषण आहाराच्या बाबतीत मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी अन्नाची चव घ्यावी असा नियम आहे. खारट, करपलेले किंवा एखाद्या रसायनाचा उग्र वास येणारे अन्न या नियमामुळे अडवले जाते, आणि तेवढ्यापुरता तो नियम योग्यच आहे. परंतु सेरेयुलाइडला चव नाही, स्टॅफिलोकॉकसच्या विषाला वास नाही, आणि परफ्रिंजेन्सचा परिणाम दिसायला आठ तास लागत असताना अर्धा तास आधी घेतलेला घास काहीच सांगू शकत नाही. जिवाणूजन्य विषाविरुद्ध हा नियम जवळजवळ निकामी आहे, हे मान्य करायला हवे. शाळेतील खिचडी बहुधा शिजल्याबरोबर वाढली जाते, हेच तिचे खरे संरक्षण आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांत सकाळी शिजलेले संध्याकाळी वाढण्याची पाळी आली की ते संरक्षण नाहीसे होते.

'अन्न गरम करून खावे' या सर्वतोमुखी असलेल्या सल्ल्याचेही असेच आहे. परफ्रिंजेन्सच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे, कारण त्याचे विष पोटात तयार होते, आणि रस्सा पूर्ण खदखदवून जिवंत जिवाणू मारले तर पुढची साखळीच तुटते. मात्र वरवर कोमट केलेला रस्सा हा थंड रश्श्याहूनही वाईट ठरतो. भातातील सेरेयुलाइड आणि मिठाईतील स्टॅफिलोकॉकसचे विष यांच्या बाबतीत हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण जिवाणू मेले तरी त्यांनी आधीच सोडलेले विष शाबूत राहते. त्यामुळे सर्व प्रकारांना लागू पडणारा उपाय एकच उरतो, तो म्हणजे अन्न 5 ते 60 अंशांच्या मधल्या पट्ट्यात कमीत कमी वेळ ठेवणे. पंगतीच्या व्यवहारात याचा अर्थ असा की हजार माणसांचा भात सकाळीच एकदम शिजवून ठेवण्याऐवजी पंगतीगणिक घाणे काढावेत, वरण आणि रस्सा वाढून संपेपर्यंत मंद विस्तवावर वाफाळते ठेवावेत, आणि उरलेले अन्न ठेवायचेच असेल तर खोल गंजात न ठेवता उथळ परातींत पसरून लवकर निववावे. चांगले आचारी पंगतीगणिक भात टाकतातच. अडचण येते ती वरात उशिरा पोहोचते तेव्हा. दुपारी बाराचा मुहूर्त तीनवर गेला तर भात तीन तास थांबतो, आणि त्या तीन तासांचा हिशेब आचाऱ्याच्या हातात नसतो.

आजार झाल्यावर काय करावे, याविषयी शंकेला फारशी जागा नाही. विष शरीरात गेलेले असल्याने अशा बहुतेक रुग्णांना प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. त्यांना हवे असते ते गेलेले पाणी आणि क्षार. 1971 साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात बनगाव येथील निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात घालून पिण्यास दिले, आणि पटकीने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. आतड्याला विषाने ग्रासले तरी साखर आणि मीठ एकत्र शोषून घेण्याची वाट उघडी राहते, या साध्या तत्त्वावर जलसंजीवनी उभी आहे. आशा कार्यकर्तीकडे मिळणारी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट पाजणे, लहान मुलांना त्याबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी देणे, आणि रक्त पडणे, लघवी बंद होणे, ग्लानी किंवा थांबत नसलेली उलटी ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे, एवढे बहुतेकांना पुरेसे असते. सोमठाण्यासारख्या प्रसंगी दोऱ्यांवर टांगलेल्या प्रत्येक बाटलीची गरज असतेच असे नाही. पिऊ शकणाऱ्या रुग्णाला पुडी दिली तर खाटा आणि बाटल्या खऱ्या गरजूंसाठी मोकळ्या राहतात.

तपासाची सरकारी व्यवस्था कागदावर पक्की आहे. 2004 साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा कक्ष प्रत्येक जिल्ह्यात असतो, आणि गावातून बातमी आली की शीघ्र प्रतिसाद पथक निघते. अन्नाचा कायदेशीर नमुना घेण्याचे काम 2006च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचे असते, आणि धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांनीही नोंदणी करावी अशी तरतूद या कायद्याखालील नियमांत आहे, जरी गावातील सप्ताहाच्या पंचमंडळींपैकी फारच थोड्यांना ती ठाऊक असेल. खरी अडचण वेगळीच आहे. पहिला रुग्ण पहाटे निघतो आणि पथक दुपारी पोहोचते, तोपर्यंत बदनामीच्या भीतीने किंवा निव्वळ स्वच्छतेच्या सवयीने उरलेले अन्न जनावरांपुढे टाकलेले असते आणि गंज घासून पालथे घातलेले असतात, त्यामुळे जिवाणूचे नाव कायमचे अज्ञात राहते आणि अहवालात 'विषबाधा' एवढाच शेरा उरतो. हे टाळण्यासाठी नागपूरहून यंत्रे आणावी लागत नाहीत. प्रत्येक पदार्थ वाढायला सुरुवात होण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्याने त्याचा वाटीभर अंश स्वच्छ, झाकणाच्या डबीत काढायचा, वर पदार्थाचे नाव आणि वेळ लिहायची आणि ती डबी दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायची. शेवटच्या पंगतीच्या वेळी तशीच दुसरी डबी भरली तर पहिल्या आणि दुसऱ्या डबीतील जिवाणूंच्या संख्येतला फरक प्रयोगशाळेला मधल्या तासांत काय घडले ते थेट मोजून देतो.